इस्राएल दोन, भारत शून्य

फुटबॉलच्या नोंदींत २९ मे १९६४ या तारखेपुढे एकच ओळ आढळते : आशियाई चषक, इस्राएल २, भारत ०, गोल करणारे श्पीग्लर व अहारोनी. ज्यांना या खेळाची गोडी नाही त्यांना या ओळीत वाचण्यासारखे काही नाही, आणि ज्यांना आहे त्यांनाही साठ वर्षांपूर्वीच्या सामन्याचे आता काय एवढे, असे वाटण्याचा संभव आहे. तथापि आपल्या समाजात अशी काही मंडळी आहेत, की ज्यांना ही ओळ आजही शांतपणे वाचता येत नाही. ती त्या दिवशी मैदानावर होती. वये आठ-दहा वर्षांची. मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग येथून आईवडिलांबरोबर या देशात येऊन कोणाला दोन वर्षे झाली होती, कोणाला चार. समोर दोन संघ उभे होते. एक जन्मभूमीचा, दुसरा, जिच्याकडे तोंड करून आपल्या पूर्वजांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली त्या भूमीचा. अशा वेळी मुलाने जयजयकार करावा तरी कोणाचा?

वाचकहो, या सदरातून आजवर आपली गावे, आपली सिनेगॉगे, सणावारांची पक्वान्ने, मुंबईतील आपल्या आळ्या यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. खेळांकडे मात्र आपण फारसे वळलो नाही. खेळ म्हणजे मुलांचा उद्योग, त्यावर समाजाच्या पत्रिकेची पाने का खर्ची घालावी, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. या वेळी ती बाजूस ठेवून, लहानपणी चषकाचा सामना पाहावयास गेलेल्यांच्या आठवणी वाचकांपुढे ठेवीत आहे. त्यांत खेळ थोडा आहे आणि आपली हकीकत पुष्कळ आहे.

ज्या वडीलमंडळींनी त्या दिवशी मुलांना मैदानावर नेले, त्यांच्यापासून आरंभ करणे योग्य होईल. कारण सामना पाहण्याची सवय त्यांनी मुंबई सोडताना सामानाबरोबरच आणली होती. त्या काळी मुंबईकरांच्या लेखी फुटबॉल म्हणजे कूपरेजचे मैदान, आणि कूपरेज म्हणजे रोव्हर्स चषक. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. आरंभीची पुष्कळ वर्षे ती गोऱ्या पलटणींचीच मिरास होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा हा चषक प्रथमच हिंदी संघाच्या हाती आला. आपल्या कित्येक कुटुंबांत पलटणीची नोकरी पिढीजात होती; छावणीत गोरे शिपाई चेंडूमागे कसे धावतात, याच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकतच आमची पिढी वाढली. पुढे रेल्वे, टपालखाते, गोदी, गिरण्या व सरकारी कचेऱ्या यांत चाकरी करणारे आपले लोक सुटी मिळाली की कूपरेजची वाट धरू लागले.

माझे स्वतःचे पहिले दर्शन १९५३ सालचे. वडिलांचे बोट धरून भायखळ्याहून ट्रामने निघालो आणि उरलेली वाट पायी तुडविली. सामना कसा झाला हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. कारण निम्मा वेळ समोरच्या गृहस्थाच्या कोटाची पाठ पाहण्यात गेला. गर्दी ओरडली की वडील मला खांद्यावर उचलून घेत. पण तोपर्यंत ओरडण्याजोगे जे घडावयाचे ते घडून गेलेले असे. कागदाच्या पुडीतील खारे दाणे मात्र पक्के स्मरतात. आणि स्मरतो तो हैदराबाद सिटी पोलीस हा संघ. पोलीस चेंडू खेळतात, ही गोष्टच माझ्या बालबुद्धीला मोठी नवलाची वाटली होती. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. त्याला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर, पुढे भारतीय संघाचेही ते गुरू झाले.

घरी परतताना वडील आदल्या वर्षीची हेलसिंकीची कथा सांगत. १९५२ च्या त्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १० विरुद्ध १ गोलांनी पाणी पाजले. तेथील थंडीत आपले काही खेळाडू अनवाणी खेळले होते, आणि त्यानंतर भारतीय खेळाडूंना बूट सक्तीचे झाले. वडील ही कथा सांगताना हळहळत नसत. 'ज्याने दहा गोल केले त्यालाही टाळी द्यावीच लागते,' असे म्हणत. गोल कोणत्याही बाजूने होवो, तो नीटसपणे झाला असेल तर टाळी वाजवावयाची, हा कूपरेजच्या स्वस्त जागांवरील जुन्या जाणत्यांचा रिवाज होता. तो रिवाज येथे सांगून ठेवतो. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता १९६४ सालाकडे वळू. त्या वर्षी आशियाई चषकाची अंतिम फेरी इस्राएलमध्ये भरली. आशियातील अनेक देशांनी इस्राएलशी खेळावयाचे नाकारून आधीच माघार घेतली होती. शेवटी यजमान इस्राएल, भारत, दक्षिण कोरिया व हाँगकाँग असे चारच संघ उरले. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळावयाचे आणि ज्याचे गुण अधिक त्याने चषक न्यावयाचा, असा सरळ हिशेब होता. भारताचा आणि इस्राएलचा परिचय तसा नवा नव्हता. १९५९ च्या डिसेंबरात याच स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी इस्राएलचा संघ केरळात एर्नाकुलम येथे येऊन खेळून गेला होता. परंतु भारताचा संघ इस्राएलच्या भूमीवर खेळावयास येणे, ही त्या दिवसांत लहानसहान गोष्ट नव्हती. भारताने १९५० साली इस्राएलला मान्यता दिली होती खरी, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळावयास १९९२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात तिरंगा लावून येथे कोणी आले की आपल्या लोकांना माहेरचा माणूस दारी आल्यासारखे वाटे.

या संघाविषयी आपुलकी वाटावयास आणखी एक कारण होते. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडा सामने झाले, त्या वेळी यजमानांनी इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना देशात प्रवेशच दिला नाही. भारताचे ज्येष्ठ क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी याला उघड विरोध केला. त्याचा राग तेथील जमावाने भारतावर काढला; भारतीय वकिलातीवर मोर्चा गेला, आणि दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात सारे मैदान भारतीय खेळाडूंची हुर्यो उडवीत होते. त्या गदारोळात भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. कर्णधार होते चुनी गोस्वामी. तेच गोस्वामी आता भारताचे कर्णधार म्हणून इस्राएलमध्ये आले होते. रहीमसाहेब मात्र १९६३ साली निवर्तले होते.

स्पर्धा २६ मे रोजी सुरू झाली आणि इस्राएलने हाँगकाँगला १–० असे नमविले. दुसऱ्या दिवशी, बुधवार दिनांक २७ मे रोजी, भारताने अप्पलाराजू व इंदर सिंग यांच्या गोलांच्या बळावर दक्षिण कोरियाला २–० असे हरविले. आणि त्याच बुधवारी दिल्लीत पंडित जवाहरलाल नेहरू यांचे निधन झाले.

ही दोन वृत्ते आपल्या घरांत एकाच दिवशी आली. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना नेहरूंची तसबीर आपल्या किती घरांत होती ते सांगावयास नको. कोणी येथे येताना ती ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून आणली होती. इस्राएल आणि भारत यांचा सामना यानंतर दोनच दिवसांनी, शुक्रवारी व्हावयाचा होता.

त्या शुक्रवारच्या सामन्यास आपल्यापैकी किती लोक गेले होते, हा एक विनोदाचा विषय होऊन बसला आहे. लग्नमंडपात किंवा मेळाव्यात गोष्ट निघाली की चहूकडून हात वर होतात. त्या सर्वांना खरोखरच तिकिटे मिळाली असती तर यजमान देशाच्या प्रेक्षकांना उभे राहावयास जागा उरली नसती. परंतु जे खरोखर गेले होते ते ओळखू येतात. ते गोलांविषयी थोडे बोलतात आणि कोणी नेले, बस कोठे बदलली, डब्यात काय होते, शेजारी कोण बसले होते, याविषयी पुष्कळ बोलतात. बेएर शेवा येथील एका गृहस्थांना आपण मोठ्यांच्या पायांमधून वाट काढीत कठड्यापर्यंत कसे गेलो ते आठवते. पण त्या सामन्यात किती गोल झाले ते त्यांना आपल्या नातवाकडून कळले. लोद येथील एका भगिनींना सामन्यापेक्षा परतीच्या बसमध्ये गुदमरल्याचे अधिक आठवते.

या आठवणींपैकी दोन येथे विस्ताराने देतो. त्या दोन मावसभावंडांच्या आहेत. भाऊ त्या वेळी नऊ वर्षांचा, बहीण आठ वर्षांची. दोघांनीही नावे न छापण्याच्या अटीवर लिहावयाची परवानगी दिली आहे.

भावाचे कुटुंब दिमोना येथे राहत होते. मुंबईहून येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. वडील तेथील कापडगिरणीत कामाला. मुलगा शाळेत जाऊन सहा महिन्यांत घडाघडा हिब्रू बोलू लागला. वडिलांची गाडी मात्र 'शालोम' आणि 'तोदा' यांच्या पुढे फारशी सरकली नव्हती. त्यामुळे दुकानात, दवाखान्यात, कचेरीत मुलगा हाच बापाचा दुभाष्या. त्या बुधवारी संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या. वडिलांना 'नेहरू' हा एकच शब्द कळला. 'काय म्हणतो रे?' असे त्यांनी विचारले. मुलगा सांगतो, 'मला शब्द सगळे समजले होते, पण ते मराठीत बोलून दाखवावयास तोंड उघडेना. शेवटी मी म्हटले, बाबा, चाचा नेहरू गेले.' वडील काही बोलले नाहीत. उठून त्यांनी तसबिरीखाली तेलाचा दिवा लावला.

शुक्रवारच्या सामन्याला जावे की न जावे, यावर गुरुवारी घरात खल झाला. आई म्हणाली, सुतकासारखे दिवस, आता कसले खेळ? वडिलांचे म्हणणे असे, की आपली माणसे इतक्या लांबून आली आहेत, आणि परवा घरचा कर्ता गेल्याची बातमी त्यांना परमुलखात मिळाली. अशा वेळी चार ओळखीचे चेहरे त्यांना दिसले पाहिजेत. त्या खेळाडूंपैकी एकालाही वडील ओळखत नव्हते, हे सांगावयास नकोच. त्यांनी गिरणीतून रजा काढली आणि मुलाला घेऊन निघाले. सामना तेल अवीवच्या बाजूला. तो आटोपून शब्बाथच्या आत दिमोनाला परत पोहोचणे शक्य नव्हते. म्हणून शब्बाथ लोद येथे मावशीकडे करावयाचा ठरला. मावशीचे यजमान आपल्या मुलाला नेणार होते, पण त्याला ताप भरला आणि त्याचे तिकीट धाकट्या बहिणीला मिळाले. एरवी मुलीला कोण मैदानावर नेणार?

येथून पुढे दोघांच्या आठवणींच्या वाटा वेगळ्या होतात.

भाऊ म्हणतो, 'मला इस्राएलनेच जिंकावे असे वाटत होते.' त्याचे कारणही तो मोकळेपणाने सांगतो. वर्गातील मुले त्याला नावाने हाक मारीत नसत. 'होदी', म्हणजे हिंदी, असे म्हणत. त्यात नेहमीच कुत्सितपणा असे असे नाही, पण नाव ते नाव. रविवारी शाळा भरेल तेव्हा आपण जिंकलेल्यांच्या बाजूचे असावे, सर्वांबरोबर आपणही आरडाओरडा करावा, एवढीच त्या नऊ वर्षांच्या मुलाची इच्छा होती. श्पीग्लरचा गोल झाला तेव्हा तो टुणकन उडी मारून ओरडला. मग त्याला एकदम मागे बसलेल्या वडिलांची आठवण झाली आणि वळून पाहावयाचे धैर्य होईना.

बहिणीचे उलट. ती सांगते, 'मी पहिल्या मिनिटापासून भारताची.' तिला नियम ठाऊक नव्हते, कोणता खेळाडू कोणत्या जागी खेळतो याची गंधवार्ता नव्हती. परंतु निळ्या आकाशाखाली त्या एवढ्या मोठ्या गर्दीत तिच्या कानांवर अकस्मात मराठी पडले. खालच्या पायरीवरून कोणी एक आजोबा हात हालवून खेळाडूंना बजावीत होते, 'अरे, पास दे! एकटाच कुठे चाललास? पास दे रे बाबा!' भारताचे खेळाडू बहुतेक बंगाली, पंजाबी नाहीतर आंध्राचे. आजोबांची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली असती तरी कळली असती की नाही कोण जाणे. पण मुलीला वाटले, हे लोक मराठी समजतात, म्हणजे हे आपले. तिच्या शाळेत, रस्त्यात, बसमध्ये मराठी मोठ्याने बोलावयाची आई तिला मनाई करीत असे. आणि येथे एक म्हातारा हजारो लोकांदेखत मराठीत ओरडत होता आणि त्याला कोणी काही म्हणत नव्हते. चुनी गोस्वामी यांचे नाव तिने त्या दिवशी पाठ केले. २०२० च्या एप्रिलअखेरीस ते वारल्याचे तिने वाचले, तेव्हा सर्वप्रथम दूरध्वनी केला तो या मावसभावाला.

सामना उतरणीला लागल्यावर अहारोनीने दुसरा गोल केला. त्या क्षणी भावाचे वडील काय करीत होते, यावर या दोघांत आजतागायत एकमत नाही. भाऊ म्हणतो, मी शेवटी धीर करून मागे वळलो, तर बाबा टाळी वाजवीत होते. दोन-तीनच, सावकाश, पण वाजवीत होते. बहीण म्हणते, काकांनी टाळीबिळी काही वाजविली नाही; ते चष्मा काढून पुसत होते आणि बराच वेळ पुसत राहिले. दोघेही शपथेवर सांगावयास तयार आहेत. ज्यांच्याविषयी हा वाद, ते गृहस्थ १९८० च्या सुमारास वारले; त्यांना हे विचारावयाचे दोघांच्याही मनात कधी आले नाही. मी कूपरेजच्या त्या रिवाजात वाढलेला असल्यामुळे मला भावाचे म्हणणे सहज पटते. पण त्या आठवड्यात काय होऊन गेले होते हे लक्षात घेता बहिणीचेही खोटे म्हणवत नाही. माणसाने आधी टाळी वाजवावी आणि मग चष्मा पुसावा, हे अशक्य थोडेच आहे?

धावतपळत सर्व मंडळी दिवे लावण्याच्या आत लोदला पोहोचली. मावशीने पांढरी चादर अंथरून ठेवली होती. मेणबत्त्या लागल्या, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दूश झाला, नारळाच्या रसातील माशांचे कालवण पानात पडले. मावशीने सहज विचारले, 'कोण जिंकले मग?' मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात दोन्ही मुले एकदम बोलली. भाऊ म्हणाला, 'आपण जिंकलो.' बहीण म्हणाली, 'आपण हरलो.' मावशी पळी हातात धरून म्हणाली, 'अगंबाई, तुम्हां दोघांपैकी एकाने तरी सामना नीट पाहिला असेल ना?' आणि सगळे हसले. बुधवारपासून बाबांना हसताना आपण प्रथमच पाहिले, असे भाऊ सांगतो. याबाबत मात्र बहिणीचा दुजोरा आहे.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन्ही मुलांनी 'आपण' हाच शब्द वापरला. 'ते जिंकले' किंवा 'ते हरले' असे कोणीच म्हणाले नाही. मराठीत 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. मुलांना हे व्याकरण कोणी शिकविले नव्हते. एकाच पंक्तीला बसून एकाच सामन्याविषयी दोघेही खरे बोलत होती, आणि त्या पंक्तीतील मोठ्यांपैकी कोणीही, 'तुमचे आपण म्हणजे नक्की कोण?' असे त्यांना विचारले नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की मोठ्यांना तो प्रश्न त्याच दिवसांत इतरत्र विचारला जात होता, आणि तो खेळातला नव्हता. बेने इस्राएल वधूवरांचा विवाह समाजाबाहेरील यहुदी कुटुंबात ठरला तर त्यांच्या मातृकुळाची पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करावी, अशा सूचना १९६२ साली निघाल्या होत्या. ज्या घरी त्या शुक्रवारी मंडळी जेवावयास बसली होती, त्याच घरातील एका आत्याचे लग्न ठरून अडले होते. मुलगा मोरोक्कोकडचा. कागद आणा, आईचे कागद, आजीचे कागद, असे तिला सांगण्यात आले. कोकणातील खेड्यात तेल गाळणाऱ्या पणजीचा कागद कोठून आणावयाचा? त्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलेमला जाऊन धरणे धरून बसले. त्या मुलीचे वडीलही त्यांत होते. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतने ठराव करून बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, त्यांच्यात व इतरांत कोणताही भेद नाही, असे जाहीर केले. त्यानंतर त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळण्यात आले. आत्याचे लग्न झाले. तिची नातवंडे आज सैन्यात आहेत.

एका घरातल्या एका वर्षाचा हा ताळेबंद आहे. मे महिन्यात नेहरूंच्या तसबिरीखाली दिवा लावणारी माणसे आणि ऑगस्टात आमचे यहुदीपण मान्य करा म्हणून यरुशलेमच्या उन्हात बसणारी माणसे एकच होती. या दोहोंत विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही. ज्यांना वाटले त्यांनी कागद मागितले. मला असे वाटते, की त्या मुलांना मैदानावर नेऊन आणि मग त्यांचे परस्परविरुद्ध निकाल एकाच ताटाभोवती हसून ऐकून घेऊन वडीलमंडळींनी त्यांना जे दिले, ते पुढच्या आयुष्यात त्यांच्या फार उपयोगी पडले. भाऊ पुढे सैन्यात गेला, १९७३ च्या युद्धात लढला. बहिणीने शिक्षिकेची नोकरी केली आणि वर्गात नव्याने आलेल्या मुलाला त्याच्या नावानेच हाक मारावयाची, हा नियम तिने निवृत्त होईपर्यंत पाळला.

स्पर्धेचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. २ जून रोजी भारताने हाँगकाँगला ३–१ असे हरविले; इंदर सिंग, सुकुमार समाजपती व स्वतः गोस्वामी यांनी गोल केले. ३ जून रोजी इस्राएलने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून चषक जिंकला. भारत दुसरा आला. आशियाई चषकात याहून वरची जागा भारताला त्यानंतर मिळालेली नाही. किंबहुना अंतिम फेरीत पुन्हा पाऊल टाकावयासच १९८४ साल उजाडले. श्पीग्लरने १९७० साली मेक्सिकोत विश्वचषक स्पर्धेत स्वीडनविरुद्ध गोल करून इस्राएलचे नाव राखले. १९७४ साली आशियाई फुटबॉल संघटनेने इस्राएलला बाहेर काढले, आणि पुष्कळ वर्षे इकडेतिकडे फिरून १९९४ साली इस्राएल युरोपच्या संघटनेत दाखल झाला. त्यामुळे आशियाई चषकात भारत आणि इस्राएल समोरासमोर येण्याची वाटच बंद झाली. रोव्हर्स चषकही २००१ नंतर बंद पडला.

आपल्या पुढच्या पिढीचे चषक निराळे आहेत. हापोएल बेएर शेवाने १९९७ साली प्रथमच राज्य चषक जिंकला, तेव्हा दिमोना, येरुहाम, बेएर शेवा येथील आपली कितीतरी मुले रात्रभर रस्त्यावर नाचत होती. ती आता चाळिशीच्या घरात आहेत आणि त्यांच्या आठवणी हिब्रूत आहेत. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. आपल्या वडिलांनी आपल्याला इकडे आणले ते याचसाठी. मात्र त्या मुलांना खांद्यावर घेऊन नाचणारे जे बाप होते, त्यांतील काही १९६४ साली कठड्याला लोंबकळलेली पोरे होती, हे त्या मुलांना ठाऊक असावे असे मला वाटते. सामन्याचा निकाल पुस्तकात मिळेल. आजोबांनी टाळी वाजविली की चष्मा पुसला, हे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

म्हणून वाचकांस एक विनंती. १९६४ साली जे आठ वर्षांचे होते त्यांनी आज सत्तरी गाठली आहे. त्यांना नेणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी उरले असेल. आपल्या घरात असे कोणी असल्यास येत्या शब्बाथला जेवणे झाली की त्यांना बसवून विचारा : तुम्हांला कोणी नेले? कसे गेलात? अंगात काय होते? शेजारी कोण होते? कोणासाठी ओरडलात? आणि घरी आल्यावर काय बोललात? सामना इस्राएल-भारताचाच असला पाहिजे असे नाही. कूपरेजचा असो, पुण्याच्या मैदानावरचा असो, नाहीतर येथील गल्लीतल्या पोरांचा असो. भावंडांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही प्रकार लिहून घ्या, कोणते खरे याचा निवाडा करीत बसू नका. मराठीत लिहिता आले तर उत्तम; नसेल तर हिब्रूत लिहून पाठवा, मराठी आम्ही करून घेऊ. मजकूर संपादकांच्या नावे पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पोहोचल्यास पुढच्या अंकात स्थान देता येईल. जुने तिकीट किंवा छायाचित्र असल्यास त्याची प्रत पाठवावी, मूळ घरीच जपून ठेवावे.